सही करायची की नाही? (नाशिकचं प्राणिसंग्रहालय, बिबट्या आणि कायदा)

गोदाकाठ | मंगळवार, रात्री ९:४०

रविवारी सकाळी भाजी घेऊन येत होतो. एका हातात मेथीच्या दोन जुड्या, दुसऱ्या हातात लेक. सोसायटीच्या गेटवर दोन पोरं टेबल टाकून बसली होती. "काका, एक सही." कशावर, तर नाशिकला भव्य प्राणिसंग्रहालय आणि मत्स्यालय व्हावं म्हणून महापालिकेपासून मुख्यमंत्र्यांपर्यंत सगळ्यांना द्यायचं निवेदन. लेक सात वर्षांची. तिने माझ्याआधी पेन उचललं. "उद्या करतो" म्हणून सटकलो.

संध्याकाळी जॉगिंग ट्रॅकवर दुसरं टेबल. तिथल्या कागदावर मथळा: "प्राणिसंग्रहालय नको, बिबट्यांसाठी बचाव केंद्र हवं." तिथेही उद्या करतो म्हणालो. दिवसातून दोनदा खोटं बोललो.

दोन्ही कागदांचे फोटो काढून आणले आणि रात्री शांतपणे वाचले. दोन्हींत 'कायद्यानुसार' हा शब्द तीन-तीनदा आहे आणि कायद्याचं नाव एकदाही नाही. म्हणून इथे विचारतोय. शहराला प्राणिसंग्रहालय काढायचं असेल तर परवानगी नेमकी कोण देतं? आणि माझ्या सहीला त्यात कुठे किंमत आहे, की ती फक्त व्हॉट्सॲपवर फोटो टाकण्यापुरती?

पक्षाचं नाव कुणीही काढू नये ही विनंती.

ओझरकर | मंगळवार, रात्री ९:५२

आधी संध्याकाळी सहाला द्वारका सर्कल ओलांडून दाखवा. वाघ नंतर बघू.

सिडकोवासी | मंगळवार, रात्री १०:१५

हसण्यावारी नेऊ नका राव. माझ्या दोन्ही पोरांनी वाघ मोबाईलवरच पाहिलाय. चौघांनी पुण्याला जाऊन कात्रज बघून यायचं म्हटलं तर गाडीभाडं, जेवण, एक खाडा. ज्यांची मुलं उन्हाळ्यात ताडोबाला जातात त्यांना 'पिंजरा वाईट' म्हणणं सोपं आहे. माझी सही झाली आहे आणि मला त्याची लाज नाही.

बाराखडी | मंगळवार, रात्री १०:३१

कात्रजचं नाव निघालंच आहे तर सांगते. आमच्या शाळेची सहल. पहाटे पाचला बस निघाली, पाचवीची बावन्न मुलं, डब्यात पराठे, दोन जणांना चाकणच्या आधीच उलट्या. दारात पोचलो तर कुलूप. बुधवार होता. बुधवारी बंद असतं हे चौकशी करायला हवं होतं ते मी, म्हणजे मीच. दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नाही. सारस बागेत मुलांना सोडलं, भेळ खाल्ली, परत आलो. त्यातली एक मुलगी आता इंजिनिअरिंगला आहे, भेटली की अजून म्हणते, "बाई, वाघ कुठाय?"

पण तेव्हापासून प्रश्न आहे. राणीबागही बुधवारीच बंद. असं का?

पुढची तारीख | मंगळवार, रात्री ११:२०

बाराखडीताई, बुधवारच का ते माहीत नाही, पण आठवड्यातून एक दिवस लोकांसाठी बंद ठेवणं हे प्राणिसंग्रहालय मान्यता नियमांत, म्हणजे २००९ च्या नियमांतच लिहिलेलं आहे. जनावरांना एक दिवस तरी माणसांपासून सुटका. आमच्या कोर्टाला रविवार असतो तसं समजा.

आता गोदाकाठ यांचा मुद्दा. मी वन्यजीव कायद्याचा खास वकील नाही, पण दोन-चार प्रकरणं चालवली आहेत, त्यामुळे कायदा वाचून झालाय.

मूळ वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात सुरुवातीला प्राणिसंग्रहालयांसाठी वेगळं प्रकरणच नव्हतं. कुठल्याही गावाने बागेच्या कोपऱ्यात चार पिंजरे ठोकावेत, दोन माकडं आणि एक कंटाळलेलं अस्वल ठेवावं आणि पाटी लावावी, असा तो जमाना. १९९१ च्या दुरुस्तीने कायद्यात 'चार अ' हे प्रकरण घातलं आणि १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झालं. सगळे त्याला सीझेडए म्हणतात. कलम ३८ एच म्हणतं, या प्राधिकरणाच्या मान्यतेशिवाय प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही. नवं काढायचं असेल तर पूर्वमंजुरी, तीसुद्धा आधी. थोडक्यात, इथे कुणी नारळ फोडला, कोनशिला बसवली, पेढे वाटले, तरी दिल्लीहून कागद येईपर्यंत आत बिबट्या सोडाच, मोरही ठेवता येत नाही.

एकदा मान्यता मिळाली म्हणजे संपलं, असंही नाही. तपासणी होते, त्रुटी काढतात. संभाजीनगरचं सिद्धार्थ उद्यान आणि नागपूरचं महाराजबाग, दोघांच्याही मान्यतेवर २०१८ साली गदा आली होती. जुनी, शहराच्या पोटातली, जागा अपुरी. तुमच्या पहिल्या कागदात जागा किती एकर लिहिली आहे?

गोदाकाठ | मंगळवार, रात्री ११:२८

"मुबलक जागेत" असं लिहिलं आहे.

पुढची तारीख | मंगळवार, रात्री ११:४१

छान. आणि ती जागा कुणाच्या नावावर आहे? हा प्रश्न साधा नाही. वनजमीन असेल तर १९ फेब्रुवारी २०२४ चा सुप्रीम कोर्टाचा अंतरिम आदेश आडवा येतो. वनसंवर्धन कायद्यात २०२३ साली जी दुरुस्ती झाली तिने संरक्षित क्षेत्राबाहेरच्या वनजमिनीवरची सरकारी प्राणिसंग्रहालयं आणि सफारी यांना सूट दिली होती. त्याविरुद्ध याचिका झाल्या. कोर्टाने सांगितलं, वनजमिनीवर असं काही उभारायचं तर आमची अंतिम मंजुरी लागेल. त्यामुळे 'डोंगराच्या पायथ्याला मस्त जागा आहे की' असं कुणी म्हणालं तर आधी सातबारा मागा.

झोपतो. उद्या नऊला कोर्टात बोर्ड आहे.

तीन फुटी टाकी | बुधवार, सकाळी ८:०५

मत्स्यालयावर कुणीच बोललं नाही, म्हणून मी. रंगीत माशांचा धंदा आहे, एकोणीस वर्षं झाली. दुकान कुठे ते सांगत नाही, नाहीतर जाहिरात म्हणाल.

लोकांना वाटतं मत्स्यालय म्हणजे प्राणिसंग्रहालयाचा स्वस्त भाऊ. तसं नाही. कायद्यात 'कैदेतला प्राणी' म्हणजे अनुसूचीत, म्हणजे कायद्याला जोडलेल्या यादीत, नाव असलेला प्राणी. गोल्डफिश, गप्पी, मोली, एंजल, फ्लॉवरहॉर्न अनुसूचीत नाहीत. नुसते हेच ठेवणार असाल तर माझ्या समजुतीप्रमाणे सीझेडएचा प्रश्न येत नाही. (वकीलसाहेब, चुकलो तर कान धरा.) पण मग निवेदनात जे चित्र छापलंय त्यात समुद्रघोडा आहे, मागे प्रवाळ आहे! समुद्रघोडे २००१ पासून अनुसूची एकमध्ये. प्रवाळही तेव्हापासूनच. म्हणजे वाघाच्या पंगतीला. चित्र काढणाऱ्याने इंटरनेटवरून उचललं असणार, पण सही तुम्ही त्या चित्रावर करताय.

दुसरं म्हणजे खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय. मुंबईत तारापोरवाला १९५१ साली सुरू झालं, समोर मरीन ड्राइव्ह, समुद्र दारात. आपल्याकडे दारात गोदा. खारं पाणी पिशवीतल्या मिठातून बनवायचं, आरओच्या पाण्यात ढवळायचं, क्षारता रोज मोजायची. मी एकदा सहा फुटी मरीन टाकी लावली होती. एका रात्री साडेपाच तास लाइट गेली, इन्व्हर्टरची बॅटरी माझ्याच आळसाने उतरलेली. सकाळी सगळे मासे उलटे. त्यानंतर मरीन बंद. एका टाकीला मी पुरलो नाही, शहराला कोण पुरणार ते ठरवा आणि मग सही करा.

मला विचाराल तर गोदावरीतलेच मासे दाखवा. मरळ, वाम, शिंगटा. आपल्याच नदीत काय आहे ते पोरांना माहीत नाही. मरळीचा मोठा नर पिल्लांच्या थव्याखाली राखण करत फिरतो ते एकदा काचेतून दिसलं तर पोरगं तासभर हलणार नाही.

बाराखडी | बुधवार, सकाळी ८:४०

ही कल्पना मला फारच आवडली.

आणि दादा, एक खासगी प्रश्न सगळ्यांदेखत विचारते. माझ्या सासूबाईंकडे पोपट आहे. मिठू. अकरा वर्षं. तो चालतो ना?

तीन फुटी टाकी | बुधवार, सकाळी ९:१०

ताई, वाईट वाटून घेऊ नका. लाल चोचीचा, गळ्याला कंठी असलेला आपला पोपट पाळणं गुन्हा आहे, आणि हे आजचं नाही. आधी तो अनुसूची चारमध्ये होता. २०२२ च्या दुरुस्तीने सहा अनुसूच्यांच्या चार केल्या (एक आणि दोन प्राण्यांच्या, तीन वनस्पतींची, चार आंतरराष्ट्रीय व्यापार-करारातल्या प्रजातींची), त्यात तो दोनमध्ये गेला. दंडाची सर्वसाधारण मर्यादा पंचवीस हजारांवरून एक लाख झाली. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे.

गंमत अशी की बजरीगर, कॉकटील, पीच तोंडाचे लव्हबर्ड यांना काही नोंदणी नाही, ते त्या आंतरराष्ट्रीय यादीतच नाहीत. पण आफ्रिकन ग्रे, मकाव, सन कोन्यूर, बॉल पायथन, हिरवा इग्वाना हे अनुसूची चार. त्यांची नोंदणी केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर करायची होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम आले, सहा महिने मुदत दिली. माझ्याकडे सप्टेंबरात एक गृहस्थ इग्वाना घेऊन आले, "फॉर्म कुठे मिळेल?" म्हणून. मुदत ऑगस्टात संपली होती. इग्वाना शांत होता, गृहस्थ नव्हते.

सगळ्यात जास्त भीती मला चांदणी कासवाची वाटते. लोक आइस्क्रीमच्या डब्यात घालून आणतात, "लक्ष्मी येते म्हणे, काय खायला देऊ?" मी एवढंच सांगतो, साहेब, हे अनुसूची एकमधलं आहे, वनखात्यात नेऊन द्या, आणि माझ्या दुकानात सीसीटीव्ही आहे.

ओझरकर | बुधवार, सकाळी ९:१४

लक्ष्मी येते ते खरं आहे. वकिलाकडे.

कॅरेट | बुधवार, दुपारी १:३०

निफाड तालुका. द्राक्षं आणि थोडा ऊस. मी एरवी फक्त वाचतो, पण आज लिहितो कारण आत्ता बांधावर बसलोय आणि ऊसतोड बंद आहे.

सकाळी टोळीतल्या एका बाईला पाचटात मांजरीएवढी दोन पिल्लं दिसली. डोळे उघडलेले, पण चालताना तोल जातो. बिबट्याचीच. टोळी फडातून बाहेर. मुकादम म्हणतो, दुसरा फड धरतो. वनखात्याला फोन केला. दीड तासात दोघं जण आले, हातमोजे घालून पिल्लं उचलली, तपासली. ठेवायला त्यांच्याकडं काही नव्हतं. माझं टोमॅटोचं कॅरेट दिलं. निळं. आता म्हणतात, संध्याकाळी याच जागेवर ठेवायचं, कॅमेरा लावायचा, आई येऊन घेऊन जाते. फड दोन दिवस तसाच ठेवा.

आता तुमच्या कागदांवर. मला प्राणिसंग्रहालयाचं काही घेणंदेणं नाही. पण ते 'बचाव केंद्र', त्यात बिबटे ठेवणार असतील तर माझी, बायकोची, शेजारच्या चार घरांची सही घ्या. गेल्या वर्षी माझं वासरू नेलं. पोरं शाळेतून येताना मी रस्त्यावर उभा असतो. शहरातल्या माणसाला बिबट्या आला की बातमी होते, आमच्याकडं तो रोज असतो.

रानवाट | बुधवार, दुपारी २:५०

कॅरेटभाऊ, कॅमेऱ्यात काय येतं ते कळवा. शक्यतो आज फडाकडे कुणाला जाऊ देऊ नका, व्हिडिओ काढायला तर मुळीच नाही. आवाज नसला तरच ती येते.

कबूल करतो, दुसऱ्या कागदाचा मसुदा माझा आहे. नांदूर मधमेश्वरला पक्षी बघणारी आमची सात-आठ जणांची टोळी आहे, आम्ही मिळून तो लिहिला. 'कायद्यानुसार' तीनदा आलंय ते माझंच पाप.

पण मुद्दा गंभीर आहे. पकडलेला बिबट्या जातो कुठे? जुन्नरजवळ माणिकडोहचं केंद्र आहे, तिथे आयुष्यभरासाठी राहणारे बिबटे आहेत. नाशिक, अहिल्यानगर, पुणे हा सगळा उसाचा पट्टा, आणि ठेवायची जागा मोजकी. म्हणून आम्ही म्हटलं, लोकांच्या करमणुकीसाठी वाघ आणण्यापेक्षा आपल्या बिबट्यांसाठी केंद्र काढा.

पुढची तारीख | बुधवार, संध्याकाळी ६:२०

रानवाट, मसुदा लिहिण्याआधी कलम २ चं पोटकलम ३९ वाचलं होतं का? 'प्राणिसंग्रहालय' या शब्दाची व्याख्या तिथे आहे. त्यात सर्कस येते, आणि बचाव केंद्रही येतं. २०२२ च्या दुरुस्तीने ते आणखी स्वच्छ केलं: प्रदर्शनासाठी नसलेली बचाव केंद्रं आणि संवर्धन-प्रजनन केंद्रं यांचाही त्यात समावेश आहे.

म्हणजे तुमच्या कागदाचा मथळा कायद्याच्या भाषेत असा होतो: "प्राणिसंग्रहालय नको, प्राणिसंग्रहालय हवं."

सिडकोवासी | बुधवार, संध्याकाळी ६:२४

😂😂 पाणी सांडलं माझ्या हातून

रानवाट | बुधवार, संध्याकाळी ७:०२

हसा. नव्हतं वाचलं.

बरं, मग आम्हाला काय हवं होतं ते नीट सांगतो, कारण ते अजून हवंच आहे. विहिरीत पडलेला, फासकीत अडकलेला, गाडीने उडवलेला प्राणी आणायला, टाके घालायला, आठ-पंधरा दिवस ठेवून परत सोडायला चांगली सोय. 'उपचार करून सोडणे' आणि 'आयुष्यभर ठेवणे' या दोन गोष्टी आम्ही एकाच वाक्यात लिहिल्या. दुसरी गोष्ट मागितली की पिंजरे भरत जातात आणि मग अजून पिंजरे मागावे लागतात.

आणि कॅरेटभाऊ, रागावू नका, पण सगळे पकडून न्या हे जुन्नरला करून झालंय. २००१ नंतर तिथे बरेच बिबटे पकडून दुसरीकडे सोडले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेया आणि सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला, २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा की बिबटे हलवायला सुरुवात झाल्यावर माणसांवरचे हल्ले उलट वाढले. एक गेला की त्याच्या जागेवर दुसरा येतो, आणि जो नेऊन सोडला तो अनोळखी मुलखात बिथरलेला. त्याच टीमने माळशेजला सोडलेला एक नर कॉलर लावून पाहिला, तो शंभरावर किलोमीटर चालत थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोचला.

कॅरेट | बुधवार, रात्री ८:१५

अभ्यास खरा असेल. मी रागावलो नाही. पण मला सांगा, हल्ला कधी होतो? आमच्याकडं शेतीपंपाला लाइट आठवड्यातले काही दिवस रात्रीची. रात्री बाराला मोटर चालू करायला माणूस बॅटरी घेऊन उसात शिरतो, वाकून दार मोडतो, म्हणजे पाणी दुसऱ्या सरीत वळवतो. वाकलेला माणूस आणि वासरू यात अंधारात फरक तो काय! तुमच्या निवेदनात पिंजरा लिहा नाहीतर केंद्र लिहा, पण एक ओळ लिहा: बिबट्याच्या पट्ट्यात शेतीला दिवसा वीज. ती वन्यजीव कायद्यात बसत नसेल तर बसवा.

कॅरेट संध्याकाळी सहाला ठेवलं. सगळे घरी. मी गच्चीवर आहे, काही दिसत नाही.

पुढची तारीख | बुधवार, रात्री ८:३०

ती ओळ वन्यजीव कायद्यात बसत नाही, पण माझ्या मते दोन्ही कागदांतल्या कुठल्याही ओळीपेक्षा भारी आहे. ऊर्जा खात्याला वेगळं निवेदन करा, मी मसुदा करून देतो. पैसे नकोत, एक पेटी थॉमसन द्राक्षं चालतील.

सिडकोवासी | बुधवार, रात्री ९:००

एवढी डोकेफोड कशाला? बिबट्याला अनुसूची एकमधून दोनमध्ये टाका अशी राज्यानेच मागणी केलीये ना? झालं की मग मोकळं.

पुढची तारीख | बुधवार, रात्री ९:३५

काय मोकळं होईल ते बघा. कलम ११. अनुसूची एकमधला प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला तर मारायची परवानगी फक्त राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात, तीही लेखी कारणं देऊन, आणि पकडणं, बेशुद्ध करणं, हलवणं शक्य नाही अशी खात्री झाल्यावरच. अनुसूची दोनला तो अधिकार खाली, नेमून दिलेल्या अधिकाऱ्यापर्यंत येतो, आणि कारणांत मालमत्तेचं नुकसान, उभं पीक हेही येतं. शिवाय कलम ६२ खाली केंद्र सरकार एखादा प्राणी ठराविक भागापुरता उपद्रवी जाहीर करू शकतं, तेही आता फक्त दोनमधल्याला. म्हणजे निर्णय नागपूरच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडून जिल्ह्यात येईल. चांगलं की वाईट हे जिल्ह्यात त्या दिवशी खुर्चीवर कोण आहे आणि दाराबाहेर किती जमाव आहे यावर. मला ती खात्री वाटत नाही. आणि उसातला बिबट्या अनुसूची वाचून वागत नाही, रात्रीची मोटर तशीच राहणार.

गोदाकाठ | बुधवार, रात्री १०:१०

माझ्या मूळ प्रश्नाचा अर्धा भाग राहिला. सहीला किंमत आहे का?

ओझरकर | बुधवार, रात्री १०:१२

रद्दीच्या भावाने.

सिडकोवासी | बुधवार, रात्री १०:२०

असं कसं? नांदणीच्या जैन मठातल्या माधुरी हत्तिणीचं बघा. जुलै २०२५ मध्ये हायकोर्टाने गुजरातला अंबानींच्या वनतारा प्राणी केंद्रात पाठवायचा आदेश दिला, सुप्रीम कोर्टाने हात घातला नाही, हत्तीण गेली. नंतर कोल्हापुरात सह्या, मोर्चे, अंबानींच्या जिओचं सिमकार्ड बदलणं, आणि सरकारला बैठक घ्यावी लागली की नाही?

पुढची तारीख | बुधवार, रात्री ११:०५

बैठक झाली, पण सही कोर्टाचा आदेश फिरवत नाही. तो रस्ता परत कोर्टातूनच जातो. सही कुठे लागते ते सांगतो. एखादी गोष्ट ठरायच्या *आधी* लागते.

विधेयकाचंच उदाहरण. वन्यजीव कायद्याच्या त्या २०२२ च्या दुरुस्तीचं विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत आलं, संसदेच्या स्थायी समितीकडे गेलं, अध्यक्ष जयराम रमेश. समितीने लोकांची, संस्थांची म्हणणी मागवली. पक्षी, कीटक, वनस्पती यांचे अभ्यासक बसून लिहीत होते की अमुक प्रजाती कुठल्याच अनुसूचीत दिसत नाही, तमुकचं नाव चुकलंय. एप्रिल २०२२ मध्ये अहवाल आला, त्यात असल्या सुटलेल्या नावांवर पानंच्या पानं आहेत. एका माणसाने 'क्रमांक इतका, नाव इतकं चुकीचं' असं लिहिलेलं पत्र तिथे दहा हजार 'आम्ही निषेध करतो' पेक्षा जास्त उपयोगी. सगळं ऐकलं गेलं का? नाही. हत्ती 'धार्मिक किंवा अन्य कारणासाठी' नेता येईल ही तरतूद बरीच टीका होऊनही कायद्यात राहिली.

आपल्या बाबतीत ठरायच्या आधीच्या जागा म्हणजे महापालिकेचं अंदाजपत्रक आणि महासभा, सीझेडएकडे जाणारा बृहत् आराखडा, आणि जागेचा वापर बदलायचा असेल तर त्यावरच्या हरकती-सूचना. तिथे नेमका प्रश्न विचारा.

बाराखडी | गुरुवार, सकाळी ७:१५

आमच्या मिठूचं काय करायचं हा नेमका प्रश्न मी घरात विचारला. सासूबाई म्हणाल्या, "त्याला नेणार असतील तर मलाही न्या." चर्चा तहकूब.

कॅरेट | गुरुवार, सकाळी ७:४०

एक नेलं! रात्री २:१० ला आली. कॅमेऱ्यात दिसतं: आधी कॅरेटभोवती दोन चकरा, मग पंजाने कॅरेट आडवं केलं, एकाला मानेला धरलं आणि गेली. दुसरं तसंच, पाचटात ओरडत बसलेलं. सकाळी वनखात्याच्या पोराने उचललं, बकरीचं दूध नको म्हणाला, त्यांच्या डॉक्टरला विचारून काहीतरी पावडरचं दिलं. आज परत ठेवणार. मुकादम वैतागलाय. कारखान्याची तोडीची तारीख हुकली तर माझा ऊस वाळतोय, ते कुणी भरून देत नाही, हेही लिहून ठेवतो.

रानवाट | गुरुवार, सकाळी ८:००

भाऊ, तुमच्या त्या दोन दिवसांच्या नुकसानीची भरपाई आमच्या नव्या मसुद्यात घालतोय. जनावर मारलं तर भरपाई आहे, पिल्लांसाठी फड थांबवला तर काय, हे कुणी विचारत नाही. जुना मसुदा फाडला. मथळाही बदलला, त्यात 'प्राणिसंग्रहालय' आणि 'केंद्र' दोन्ही शब्द नाहीत.

गोदाकाठ | शुक्रवार, रात्री ८:३०

कुठेच सही केली नाही. त्याऐवजी दुपारची सुट्टी टाकून माहिती अधिकाराचा अर्ज दिला, दहा रुपयांचं तिकीट लावून. चार प्रश्न: जागेचा गट क्रमांक आणि मालकी कुणाची, सीझेडएकडे पूर्वमंजुरीचा प्रस्ताव गेला आहे का, असल्यास प्रत, दरवर्षीच्या खर्चाची तरतूद कुठल्या लेखाशीर्षात, पूर्णवेळ पशुवैद्यकाचं पद मंजूर आहे का. आवक-जावकच्या खिडकीवरच्या बाईंनी अर्ज दोनदा वाचला. "हे प्राणिसंग्रहालय कुठे आहे?" म्हणाल्या. म्हटलं, तेच विचारतोय. शिक्का मारला. तीस दिवस.

लेकीला समजावलं की सही नंतर करू. तिने माझ्या अर्जाच्या झेरॉक्सवर मागच्या बाजूला वाघ काढून दिलाय. वाघाला कंठी आहे, बाराखडीताईंच्या मिठूसारखी.

तीन फुटी टाकी | शुक्रवार, रात्री ८:५०

पाचवा प्रश्न घालायला हवा होता: मत्स्यालयात कुठल्या प्रजाती, नावानिशी यादी. समुद्रघोडा निघाला तर मला कळवा.

कॅरेट | शनिवार, सकाळी ६:२०

गुरुवारी रात्री आली नाही. काल रात्री ३:४५ ला आली. दुसरंही नेलं. टोळी आठला फडात शिरतेय, आधी फटाके वाजवून.

कॅरेट वनखात्याच्या गाडीत गेलं, परत आलेलं नाही. वकीलसाहेब, त्यासाठी कुठलं कलम?